परका हात

जानेवारीतल्या त्या शनिवारी तळेगावात उजाडले तेव्हा धुके इतके खाली उतरले होते की अंगणातून गोठा दिसत नव्हता. अनुसयाबाईंनी चूल पेटवली, पाण्याचे भगुणे चढवले आणि संत्र्यांच्या तोडणीला बाया येण्याआधी भाकरी उरकाव्यात म्हणून पीठ मळायला घेतले. तानबा ढोले गोठ्याकडून आले, धोतराला हात पुसून पडवीत बसले आणि त्यांनी चहा बशीत ओतला. त्यांची मुलगी मयुरी रोजच्या क्रमाने सायकल तपासत होती. आधी टायर अंगठ्याने दाबून, मग साखळी, मग गिअर. ब्रेकची परीक्षा ती चालवतानाच करी.

आतल्या खोलीतून रीता बाहेर आली. तिच्या हातात तिच्या सायकलचे पुढचे चाक होते.

“काऊन बाई,” तानबा म्हणाले, “चाक घेऊन झोपते का तू? आमच्या घरच्यांनी उशी नाई देल्ली का?”

“आदत आहे, काका,” रीता ओशाळून हसली.

“पांघरूण तरी मागाचं त्याच्यासाठी,” अनुसयाबाई चुलीपासून म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

मयुरी हसली नाही. नागपूरच्या एका सायकल कंपनीने दोन वर्षांपूर्वी डोंगरवाटांवरच्या शर्यतींसाठी मुलींचा पगारी संघ उभा केला होता. त्यात सध्या दोघीच होत्या, ती आणि वर्ध्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली रीता. येत्या वर्षापासून कंपनी एकीलाच ठेवणार होती, आणि ती कोण, हे रविवारच्या शर्यतीनंतर ठरायचे होते. शर्यत तळेगावमागच्या टेकड्यांत होती, म्हणून संघाचे व्यवस्थापक गजेंद्र सर यांनीच दोघींना काही दिवस आधी इथे पाठवून रीताची सोय मयुरीच्या घरी लावली होती. दोघी एका खोलीत झोपत, एका ताटलीतले पोहे खात. तरीही रीता रोज रात्री आपले चाक काढून खाटेखाली ठेवत होती. मैत्रिणीच्या घरात एवढी राखण कशासाठी? आपल्या हातून जे होऊ शकते तेच दुसऱ्याकडून होईल, अशी भीती माणसाला वाटते का?

रीता तोंड धुवायला गेल्यावर तानबांनी आवाज उतरवला. “तुले सांगून ठेवतो. पटाच्या आधी जोडीले परका हात लागू द्याचा नसते. तुई सायकल उघडी पडून राह्यते पडवीत.”

तानबांनी वीस वर्षे शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळवले होते. पटाच्या दिवसांत ते वैरण स्वतः टाकत, पाणी स्वतः दाखवत, शेजाऱ्याला गोठ्याच्या दारात उभे राहू देत नसत. गुडघे गेल्यावर जोडी विकली. सवयी मात्र राहिल्या.

“बाबा, सायकल आहे ते. बैल नाई.”

“पळते ना? मंग झालं.”

त्याच सकाळी सरावात मयुरी पडली. चढ संपून वाट जिथे मुरमाड घसरणीवरून नाल्याकडे वळते, तिथे तिने मागचा ब्रेक दाबला आणि चाक फिरतच राहिले. तिने सायकल घाणेरीच्या झुडपात घातली म्हणून नाल्यातल्या दगडांवरचा कपाळमोक्ष टळला. कोपर सोलून निघाले.

संघाचे मेकॅनिक बंडूजी यांनी मागचे चाक काढले. त्या सायकलींना ब्रेक चाकाच्या कडेला नव्हता. चाकाच्या मधोमध, आसाजवळ, पोलादाची एक पातळ चकती होती आणि दोन गुटके तिला चिमटीत धरत. बंडूजींनी चकतीवरून बोट फिरवले.

“तेल आहे, मयुरीताई. एका थेंबानं पकड जाते याची.”

“साखळीचं उडलं असंल.”

“साखळी त्या बाजूले, चकती या बाजूले. हे पुसल्यासारखं लावलं आहे. चारी मेर, सगळीकडं.”

त्यांनी चकती स्पिरिटने स्वच्छ केली आणि नवे गुटके बसवले. मयुरीने मान वळवली. थोड्या अंतरावर रीता पाणी पीत होती. तिच्या पाठीवरच्या पिशवीच्या कप्प्यात साखळीच्या तेलाची पिवळी बाटली नेहमीसारखी दिसत होती.

त्यानंतर प्रत्येक गोष्टीला दुसरा अर्थ येत गेला. रीताने विचारले, “टायरमध्ये हवा किती ठेवणार उद्या?” हा प्रश्न तिने याआधी अनेकदा विचारला होता, आज मयुरीने खोटे उत्तर दिले. रीता मयुरीच्या कोपराला हळद लावायला आली. मयुरीने हात मागे घेतला. संध्याकाळी रीता पडवीत सायकलींपाशी एकटीच उभी होती आणि मयुरी येताच बाजूला झाली. “क्या हुआ? मुझसे नाराज आहेस का?” तिने विचारले. “नाही,” मयुरी म्हणाली.

गजेंद्र सर ज्या घरी उतरले होते तिथे ती चालत गेली आणि संशय तिने त्यांच्यासमोर बोलून टाकला.

“हे फार मोठं बोलणं आहे, मयुरी. खरं निघालं तर निकाल काही लागो, रीता संघात राहणार नाही. पण माझ्याकडे एका पडण्यापलीकडे काही नाही. उद्या शर्यत होऊ दे. सायकल मात्र तिच्या हाती लागणार नाही अशी ठेव.”

घरी येऊन तिने वडिलांना सांगितले, “बाबा, माह्या ब्रेकले कोणीतरी—”

“मी म्हटलं नोतं!” तानबांनी तिला वाक्य पुरे करू दिले नाही. त्यांच्या लेखी ब्रेक म्हणजे त्यांच्या जुन्या सायकलच्या कडेला घासणारे रबराचे ठोकळे. “आण ते इकडं. गोठ्यात ठेवतो, माह्या बाजेच्या उशाशी. पाहू कोण हात लावते तं.”

त्या रात्री मयुरीला गाढ झोप लागली.

रविवारी टेकडीच्या पायथ्याशी पंचक्रोशी लोटली होती. कारंज्याहून आलेल्या शेवचिवड्याच्या गाड्या, ध्वनिक्षेपकावरचा घसा बसलेला माणूस, चुन्याने आखलेली सुरुवातीची रेघ. चार फेऱ्या होत्या. पहिल्या चढावरच मयुरी पुढे गेली. ही वाट तिच्या पायांना लहानपणापासून माहीत होती. मागे रीताचा श्वास ऐकू येत होता, आणि तो ऐकताना तिला एक कडवट समाधान वाटत होते की आज हिला काही करता आलेले नाही.

घसरणीवर तिने मागचा ब्रेक दाबला. पकड आली नाही.

क्षणभर तिला वाटले, भीतीनेच तसे वाटत असावे. पुन्हा दाबला. चाक मऊपणे निसटत राहिले. पुढच्या ब्रेकवर आणि बुटाच्या टाचेवर वेग आवरत ती कशीबशी नाल्यापार झाली. रीता बाजूने निघून गेली, जाताना ओरडली, “संभाल के!”

पुढच्या चढावर मयुरी पॅडल मारत होती आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. रात्रभर सायकल गोठ्यात होती. रीताने तिला बोटही लावले नव्हते. सुरुवातीच्या रेघेपर्यंत ती बाबांनीच हातात धरून आणली होती.

वळणावर पाणी देणाऱ्या बायांपाशी ती उतरली आणि तिने चकतीला बोट लावून नाकाशी नेले. जड, कडसर वास. साखळीचे तेल नव्हे. एरंडीचे होते, छकड्याच्या आसाला बाबा घालत ते.

उरलेल्या फेऱ्या तिने प्रत्येक उतारावर वेग आवरून काढल्या. चढांवर कमावलेले उतारांवर जात राहिले. रीता पहिली आली, अमरावतीची एक मुलगी दुसरी, मयुरी तिसरी.

तानबा दोरीखालून वाकून तिच्याजवळ आले आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “चढाले तं तू हरणासारखी गेली. मंग उताराले काऊन थांबत होती? चाक तं मोकळं फिरत होतं ना?”

“बाबा, चाकाले काही लावलं का तुम्ही?”

ते जरा घुटमळले, मग खालच्या आवाजात म्हणाले, “सांगाचं नसते ते. पटाच्या दिवशी उजाडाच्या आत आसाले तेल द्याचं, अन् कोणाले सांगाचं नाई, नजर लागते. तू घरी आली त्या दिवसापासून ऐकून राह्यलो, तुह्या मागच्या चाकात मधोमध खस्स खस्स वाजे. कोरडं चाक पळवाले पाठवू का मी? काल आसाले अन् त्या पत्र्याले चारी मेर पुसून देल्लं, आज पुन्हा देल्लं. त्या पोरीनं पाह्यलं काल. मी तिले म्हटलं, बोलू नको बाई कोणाजवळ.”

गुटके चकतीला किंचित टेकत तेव्हा तो आवाज येई. मयुरीला तो कधीच कोरडेपणाचा वाटला नव्हता. बाबांच्या चेहऱ्यावर चूक झाल्याची शंकासुद्धा नव्हती. फक्त लेक तिसरी आल्याची हुरहुर होती.

“जा, माय थांबली आहे ना तिकडं,” ती म्हणाली. “मी येतोच.”

बंडूजींनी एव्हाना चाक काढून पाहिले होते आणि गजेंद्र सरांनाही दाखवले होते. सरांनी तिला जीपच्या आडोशाला बोलावले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“पुन्हा तेच. काल मला खरं वाटत नव्हतं. आता दोनदा झालं म्हणजे योगायोग म्हणता येत नाही. पहिली आली असली तरी मी तिला ठेवू शकत नाही. संध्याकाळी कंपनीला फोन करतो. जागा तुझी.”

काही बोलण्याची गरजच नव्हती. नुसते उभे राहिले असते तरी पुरले असते. पलीकडे रीता पदक गळ्यात घालून एकटीच बसली होती, बुटातला मुरूम झटकत होती. काल पडवीत जे पाहिले त्याबद्दल ती गप्प राहिली होती, ती एका म्हाताऱ्याला दिलेल्या शब्दापायी; संध्याकाळी सायकलींपाशी उभी होती, ती बहुधा चकती नीट पुसली आहे ना हे पाहायला. आणि चाक खाटेखाली ठेवून निजत होती, कारण या घरात पहिल्या दिवसापासून तिच्याकडे कसे पाहिले जात होते, ते तिला कळत होते.

“सर, तेल तिनं लावलं नाही,” मयुरी म्हणाली. “आमच्याच घरचं आहे. चुकून लागलं. दोन्ही वेळा.”

“चुकून? कोणाच्या हातून?”

“ते मी सांगणार नाही. पण रीताच्या हातून नाही, हे मला आज पक्कं कळलं. काल मी जे बोलले ते चुकीचं होतं.”

सर तिच्याकडे पाहत राहिले. “तू काय सोडते आहेस ते समजतंय ना तुला? मग निकाल तसाच धरावा लागेल.”

“हो.”

“आणि तुझ्या वडिलांना काय सांगायचं? ते मघाशी मला विचारत होते.”

“तिसरी आले, एवढंच सांगा. ब्रेकचं त्यांच्यापुढं काढू नका.”

सरांनी मान हलवली. मयुरी जीपच्या आडून बाहेर आली, रीताजवळ जाऊन बसली आणि तिने आपले सोललेले कोपर तिच्यापुढे केले.

“हळद आहे का गं तुझ्याजवळ?”

रीताने तिच्याकडे नीट पाहिले. मग पिशवी जवळ ओढून तिने पुडी शोधायला सुरुवात केली.