घरटी एक खांदा

"अडुसष्ट!" काट्यावर वाकून मी मोठ्यानं वाचलं आणि देवळाच्या ओट्यावर बसलेल्या आंबेमाळच्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

चंद्राबाई काट्यावरून उतरली. उतरताना तिनं खांबाला हात लावला. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं, कारण मी खुशीत होते. शिमग्यानंतर ती शहाऐंशी किलो भरली होती. आता मे महिना अजून संपायचा होता. नऊ आठवड्यांत अठरा किलो!

"शिका जरा यांच्याकडून," मी बाकीच्यांना म्हटलं. "मी दोन वर्षं घसा कोरडा केला, तेव्हा एकीनं ऐकलं. बघा, रक्तदाब कसा उतरलाय."

हे २००३ सालचं. मी चारुशीला, पोलादपूर तालुक्यातल्या एका उपकेंद्राची नर्स. माहेर महाडचं, नोकरीला एकोणीस वर्षं झालेली. सहा वाड्या माझ्याकडे आणि त्यातली आंबेमाळ सगळ्यात वरची. अडीच तासांची चढण. रस्ता मंजूर आहे, मी नोकरीला लागले तेव्हापासून मंजूर आहे. माझी जीभ तिखट आहे असं खालच्या गावात म्हणतात. वरच्या वाड्यांत म्हणतात, "नर्सबाय वरडते, पन येते."

काटा पिशवीत घालून मी चंद्राबाईच्या घरी चहाला गेले. पन्नाशी उलटलेली बाई. नवरा हरिबा सहा वर्षांपूर्वी गेला. एकुलता मुलगा महिपत मुंबईला मशीद बंदरला माथाडी आहे, सूनही तिकडेच. घरात ही, पाच शेळ्या आणि कोंबड्या. तिनं माझ्यापुढे भाकरी आणि सुकटीची चटणी ठेवली.

"तुमचं ताट?"

"मी जेवली."

चुलीवर एकच पातेलं होतं. मी झाकण उचललं. आत पेज होती, म्हणजे पेजेवरची निवळ होती. भाताचं शीत औषधाला नव्हतं.

"दिवसभरात काय खाता?"

"सकाळी ह्ये वाटीभर. सांजच्याला ताक. मदी पानी."

"आणि शितं?"

"कोंबड्यांना."

"कधीपासून?"

"शिमग्याची पालखी देवळात बसली, त्याच्या दुसऱ्या दिसापासून."

आता मी तिच्याकडे नीट बघितलं. एकोणीस वर्षांची नर्स, आणि नीट बघायला दुपार व्हावी लागली! अंबाडा सुपारीएवढा झाला होता. दंडाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. मी तिच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. काट्यावरून खांब धरून उतरली ती उगाच नव्हे, तिला भोवळ आली होती. आणि मी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

"वेड लागलंय का तुला?" माझं अहोजाहो कधी सुटलं ते मला कळलं नाही. "तेल कमी कर म्हटलं होतं मी, जीव दे नव्हतं म्हटलं! कोणी सांगितलं हे?"

"कोनी नाय. माजं मीच."

"का?"

तिनं चुलीत काटक्या सारल्या. मग म्हणाली, "आमच्या घरचा खांदा नाय ना, बाय."

आंबेमाळची रीत मला ठाऊक होती. कुणी आजारी पडलं, बाळंतीण अडली, तर बांबूला घोंगडी बांधून डोली करायची आणि खाली सडकेपर्यंत न्यायची. त्यासाठी घरटी एक खांदा. चौदा घरं, चौदा खांदे. आळीपाळीनं चौघे, माणूस कसं खाली गेलं कळायचं नाही. पण आता चौदा घरांतले नऊ खांदे मुंबईला गेले होते. उरले पाच, त्यातला सगळ्यात तरणा बावन्न वर्षांचा. हरिबा होता तोवर चंद्राबाईच्या घरचा खांदा त्याचा. तो गेल्यापासून तिच्या घरून कोणी कुणाला उचललं नव्हतं.

आणि मागल्या श्रावणात तीच घसरून पडली. नडगीचं हाड मोडलं. पाचही जणांनी तिला खाली नेलं, चिखलातून, दर पन्नास पावलांवर टेकत. अशाच एका विसाव्याला तिचा धाकटा दीर सोनबा घाम पुसत म्हणाला होता, "म्हशीला निदान चालवत तरी नेता येतं."

सगळे हसले. मी सोबत होते, मीही हसले.

"मीबी हासली गो," चंद्राबाई म्हणाली. "पन त्या पाचांतलं मालोजी भावजी, त्यांचा खांदा त्याच्यानंतर वर जायना. अजून जात नाय. आमच्यात खांदा द्यायला कोन नाय, तर भार तरी कमी द्यावा मानसानं."

"अगं पण आज कुठे आजारी आहेस तू?"

"आज नाय. पावसात कोन ना कोन पडतंयच. औंदा मीच पडली तर?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर काढू? मी तशीच उठून सोनबाच्या अंगणात गेले. तो गोठ्यावर पेंढा चढवत होता. मी खालूनच बोलायला सुरुवात केली आणि शेजारची माणसं बाहेर येईपर्यंत थांबले नाही.

"मस्करी केली व्हती, नर्सबाय," तो शिडीवरून उतरत म्हणाला. "वयनीबी हासली."

"हसणार नाही तर काय करणार? डोलीत बांधलेली बाई!"

"मग आमी काय करायचं?" आता तोही पेटला. त्यानं सदरा खांद्यावरून खाली ओढला. मानेशेजारी बांबूनं घट्टा पडून लिंबाएवढी गाठ झाली होती. "एकसष्ट सरलं मला. ह्या खांद्यानं किती नेली, मोजा. त्यातली चार परत आली नायत. एकदा तोंडातनं निघालं तर फाशी द्या!"

कोपानं बोलायला समोर नालायक माणूस लागतो, तो मिळाला तर जरा बरं वाटतं. इथे तोही मिळेना.

खाली आल्यावर मी पोलादपूरच्या बूथवरून महिपतला फोन लावला. त्याच्या गाळ्याशेजारच्या दुकानात फोन होता.

"आई डाएटवर हाय?" तो हसला. "लय भारी, सिस्टर! इकडं मॅडम लोक जिमला जातात त्याच्यासाठी."

"महिपत, ती उपाशी आहे. ये आणि तिला समोर बसवून खायला घाल."

"सीझन हाय ना. छुट्टी नाय भेटत. तुमी समजवा तिला, तुमचं ऐकती ती."

शंभर किलोची पोती दिवसभर पाठीवर वाहतो हा. गोदामापासून ट्रकपर्यंत आणि ट्रकपासून गोदामापर्यंत. आईला उचलायला मात्र सुट्टी नाही. मी फोन आपटला, तर बूथवाला माझ्यावरच ओरडला.

निघण्यापूर्वी मी चंद्राबाईला बजावलं होतं, उद्यापासून थोडी थोडी पेज शितांसकट, मग भात, मग भाकरी. तिनं मान हलवली होती. मान हलवण्यात आमची माणसं पटाईत आहेत. मी तिला त्याच दिवशी खाली आणायला हवी होती. पण चालत्याबोलत्या बाईला डोलीत घालते कोण, आणि ती बसते कशाला? हे मी स्वतःला सांगत आले आणि ते मला तेव्हा पटलंही.

आठव्या दिवशी सकाळी निरोप आला. शेळ्या सोडताना ती गोठ्यातच पडली होती.

मी पोचले तेव्हा डोली बांधून तयार होती. नाडी दोन ठोके पडून तिसरा चुकवत होती. सोनबा, गोमाजी आणि आणखी दोघांनी बांबू उचलला. मालोजी काठी घेऊन पुढे वाट दाखवत निघाला, त्याचा खांदा कामाचा राहिला नव्हता. ऊन कडक होतं. चौघे झपाझप उतरत होते, मागल्या वर्षी टेकले त्या जागा न टेकताच मागे पडल्या.

"सोनबा," गोमाजी म्हणाला, "हाय ना रे आत कोन?"

"हाय," सोनबा म्हणाला. "कापूस केलान वयनीनं सवताचा."

डोलीतून चंद्राबाईनं ते ऐकलं. डोळे मिटलेले होते, ओठ सुकून फुटले होते, आणि ती हसली. पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरीसारखी हसली. मला तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली. माझी बोटं तिच्या नाडीवर होती म्हणून मारली नाही.

खिंडीच्या उताराला गोमाजीला धाप लागली. बदली द्यायला कोणी नव्हतं. मी पिशवी मालोजीकडे दिली आणि बांबूखाली शिरले.

"बाईमानसानं डोलीला खांदा देऊ नाय," मालोजी म्हणाला.

"मग बापयांना बोलवा मुंबईहून."

बांबू मानेत रुतत होता आणि मी मनातल्या मनात हिशोब करत होते. आता ती भरेल चौसष्ट. चौघांत वाटली तर माणशी सोळा. शहाऐंशीची असती तर माणशी साडेएकवीस. फरक साडेपाच किलोचा. बाजारात तेवढं करडू माणूस बगलेत मारून नेतो. तेवढ्यासाठी ही बाई अडीच महिने स्वतःचं काळीज खात बसली होती, आणि मी ते काट्यावर मोजून लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या.

सडकेला जीप मिळाली. पोलादपूरला सलाईन लावून महाडला पाठवलं. महाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि मला कोपऱ्यात घेतलं.

"पोटॅशियम पार तळाला गेलंय. हृदय कधीही दगा देईल. इतक्या कमी खाण्यावर माणूस ठेवायचा असला तर आम्ही नजरेखाली ठेवतो, दर आठवड्याला रक्त तपासतो, तेही थोडे दिवस. तुम्ही नर्स ना? तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," मी म्हटलं. "मी तिचं कौतुक केलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "थोडं थोडं भरवा. एकदम भरवलं तर तेही बाधेल. पण पोटात जायलाच हवं, नुसत्या सलाईनवर निभणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मऊ भात आणि पातळ वरण आलं. चंद्राबाई शुद्धीवर होती. मी चमचा तिच्या ओठांना लावला, तिनं तोंड फिरवलं. मी ओरडले, शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली, पण हिनं ओठ उघडले नाहीत. महिपतला फोन केला होता. तो संध्याकाळच्या गाडीनं निघतो म्हणाला होता.

सोनबा कालपासून व्हरांड्यात बसून होता. आत आला, नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि ताटली माझ्या हातातून घेतली. भात वरणात मऊ कालवून त्यानं छोटा घास केला. उभ्या जन्मात त्यानं थोरल्या भावजयीला भरवलं नसेल. चारचौघांत तर नाहीच.

"वयनी, घास घ्या."

तिनं डोळे उघडले. "परत वर न्यायची ना मला?"

"न्यायची तर. हितं ठेवायची व्हय?"

"कोन कोन हायत?"

"आमी चौगं हाव. महिपतबी येतोय."

महिपतचं नाव तिनं कानाआड केलं. सलाईनची सुई असलेला हात तिनं हळूहळू उचलला, सोनबाचं मनगट धरलं आणि घास त्याच्याच तोंडाकडे वळवला.

"मग तुमी खावा, भावजी. तुमी कालपासून उपाशी हाव. उचलायचं तुमाला हाय."

सोनबानं माझ्याकडे बघितलं. त्यानं तो घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला, चावण्यासारखं त्यात काही नसताना. मग त्यानं दुसरा घास कालवला आणि तिच्या मिटल्या तोंडासमोर धरला. वरण त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तरी त्यानं हात खाली घेतला नाही.