अनोळखी नंबर

"टाळ्या कसल्या वाजवतेस? आपलं नाव नव्हतं ते," मी ओडेसाच्या कानाशी कुजबुजलो.

"कुणाच्या तरी पोराला मिळाली ना शाळा? मग वाजव तूपण. हात झिजत नाहीत तुझे, म्हाताऱ्या."

ब्रॉंक्समधल्या त्या चार्टर शाळेच्या व्यायामशाळेत आम्ही घडीच्या खुर्च्यांवर बसलो होतो. सरकारी पैशावर चालणारी फुकट शाळा, पण जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, म्हणून दर एप्रिलला सोडत. मुख्याध्यापिका भांड्यातून चिठ्ठी काढायच्या, नाव वाचायच्या, की कुठल्या तरी कोपऱ्यात एखादी आई किंचाळायची. बाकीचे आम्ही, पंगतीत वाढपी पुढून निघून गेल्यासारखे बसून.

याच शाळेची पिवळी बस मी चालवतो आणि ओडेसा पिंकनी त्या बसवरची मावशी. पोरांना चढवायचं, पट्टे लावायचे, कुणी ओकलं तर पुसायचं. कित्येक वर्षं तिने दुसऱ्यांची पोरं या दारात उतरवली. स्वतःच्या नातीसाठी मात्र चिठ्ठीच. शाळेच्या नोकरांच्या मुलांना सवलत होती, पण आम्ही पडलो बस कंपनीचे.

नात झारिया, पाच वर्षांची. तिची आई, म्हणजे ओडेसाची मुलगी, घराजवळच्या शाळेत शिकली आणि शाळा संपली तरी तिला औषधाच्या बाटलीवरचं धड वाचता यायचं नाही. "मला वाटलं, रोज जातेय म्हणजे शिकतेय," ओडेसा म्हणायची. "एकदा फसले. या पोरीच्या बाबतीत नाही फसणार."

झारियाचं नाव निघालं ते जागा भरल्यावर. वेटिंगवर. उन्हाळ्यात काही लोक जागा सोडतात, मग आम्ही फोन करतो, असं ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं. ओडेसाने शाळेचा नंबर नाव घालून फोनमध्ये ठेवला आणि जूनभर फोन उशाशी घेऊन निजली. जुलैत एकदा दचकून उचलला, तर गाद्या विकणारा. ऑगस्टात ती त्या विषयावर बोलेनाशी झाली. मीही विचारणं सोडलं.

आमच्या डेपोत एक रीत आहे. सुटीच्या दिवशी अनोळखी नंबर उचलायचा नाही. ड्यूटी लावणारा टायरेल माणूस कमी पडला की कुणालाही धरतो, आणि त्याचा नंबर सगळे ओळखून आहेत म्हणून दर वेळी दुसऱ्याच कुणाचा फोन मागून घेतो. एकदा 'हॅलो' म्हटलंत की सुटी गेली.

ऑगस्टअखेरच्या एका शुक्रवारी सुटी होती, म्हणून आम्ही झारियाला घेऊन ऑर्चर्ड बीचवर गेलो होतो. ओडेसाने सुजलेले पाय वाळूत पुरले होते आणि तळलेल्या माशाचं सँडविच खात होती. फोन वाजला. तिने नंबर पाहिला.

"हा मेला टायरेलच असणार. शाळेचा असता तर नाव आलं असतं."

फोन टॉवेलखाली गेला. परत वाजला.

"वाज, वाज! मर वाजून!"

"मर वाजून!" झारिया ओरडली आणि आजीचा धपाटा खाऊन खिदळत पाण्याकडे पळाली. त्या उन्हाळ्यात ओडेसाला इतकं मोकळं हसताना मी तेवढंच पाहिलं.

सोमवारी डेपोत तिने फोनवरचा निरोप ऐकला. मग पुन्हा ऐकला. मग मला ऐकवला. निरोप शाळेचाच होता, पण त्यांच्या दुसऱ्या कुठल्या तरी कचेरीतून. एक जागा रिकामी झाली आहे, आज संध्याकाळपर्यंत होकार कळवा. आज म्हणजे शुक्रवार.

तिने तिथेच उभ्याने फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "सॉरी मॅम, जागा पुढच्या नावाला गेली."

"मी तुमच्याच शाळेची पोरं आणते हो. रोज. बसवर."

"हो मॅम. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा."

"थँक्यू, बाळा," ओडेसा म्हणाली. मला संताप आला. थँक्यू कशाबद्दल?

"त्या टायरेलला आता मी..."

"गप बस, क्लिफ्टन. त्याने फोनच केला नव्हता."

सप्टेंबरात शाळा उघडल्या. झारियाची घराजवळची शाळाही त्याच दिवशी. आम्हाला उजाडायच्या आत गाडी काढायची असते, त्यामुळे तिला पहिल्या दिवशी शेजारणीने पोचवलं.

आमच्या एका थांब्यावर नवी पोरगी उभी होती, झारियाएवढीच. आईचा हात सोडेना. आईचं तोंड मात्र आनंदाने थांबत नव्हतं.

"ऐन वेळेला मिळालं बघा! शुक्रवारी रात्री फोन आला. अनोळखी नंबर, मी उचलणारच नव्हते!"

माझा पाय ब्रेकवर होता. मला मागे वळून बघवेना.

"बरं झालं उचललात," ओडेसा म्हणाली. "नाव काय गं तुझं?"

"जोसलिन."

"ये जोसलिन. रडायचं नाही. दुपारी मीच सोडणार आहे तुला आईकडे."

तिने पोरीला माझ्या मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, ओढून पाहिला.

"चल रे. पोरांना उशीर नको."

गाडी निघाली. पुढच्या सिग्नलला मी आरशात पाहिलं. दप्तर त्या पोरीच्या मांडीवर मावत नव्हतं, आणि ओडेसा त्याचे बंद ओढून तिच्या मापाचे करत होती.