चार फुटांचं पाणी

शॉवरच्या चाळणीला बेचाळीस छिद्रं होती आणि त्यांतल्या अकरांतूनच पाणी येत होतं. तिनं दोनदा मोजलं. अकरा धारा निघताना वेगवेगळ्या असत, मग चाळणीच्याच पृष्ठभागावर एकमेकींना चिकटत आणि शेवटी एका कडेवरून एकच जाड धार होऊन भिंतीलगत पडत. तिच्याखाली यायचं तर भिंतीला खेटून, मान वाकडी करून उभं राहावं लागे. उजवा हात गळ्यातल्या झोळीत असताना ते जमण्यासारखं नव्हतं.

तिनं पालथ्या बादलीवर लिटरचं माप ठेवलं, बादली पायानं धारेखाली सरकवली आणि खिडकीतल्या घड्याळाकडे पाहिलं. चाळीस सेकंद. काल चाळीस, परवा एकेचाळीस. तीस वर्षं रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. एका मोजणीवर तिचा विश्वास बसत नसे.

"आई, साबण लावायला येऊ?" दाराबाहेरून लेकीनं विचारलं.

"थांब, अजून अंग ओलं व्हायचंय."

"अर्धा तास झाला."

"मला नको सांगूस. टाकीला सांग."

खांद्याच्या शस्त्रक्रियेला सहा आठवडे झाले होते. हात खांद्याच्या वर जायला आणखी काही महिने लागतील, कदाचित पूर्वीसारखा जाणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डाव्या मनगटात जुना संधिवात. भरलेला मग उचलला की बोटं सुटत. शॉवर नीट चालला असता तर नुसतं उभं राहणं एवढंच काम होतं. तो चालत नव्हता म्हणून लेक तिला आंघोळ घालत होती. लेक प्रेमानं घाले, डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून कपाळावर हात आडवा धरे. ती डोळे मिटून घेई आणि लेक लहान असताना आपणही हे असंच करत होतो का, हे आठवायचा प्रयत्न करी. आज शनिवार होता. सोमवारी लेक आपल्या घरी, आपल्या नोकरीवर परत जाणार होती.

आंघोळ उरकल्यावर तिनं फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर डाव्या हातानं आकडा लिहिला आणि फिटरला फोन केला. नवऱ्याला विचारलं नाही.

नवऱ्याला सगळी गल्ली साहेब म्हणायची. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या खात्यात ते अभियंता होते आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी कुणाचा नळ गळला की लोक आधी त्यांच्याकडे येत. हे दुमजली घर त्यांनी स्वतः आखलेलं. वर ते दोघं, खाली भाडेकरू. टाकी कुठे, पाइप कुठून, भांड्यांचं कपाट किती खोल, कुठल्या फळीवर कोणतं भांडं, सगळं त्यांच्या नकाशात होतं. रात्री साडेनऊला दिवे बंद, हे नकाशात नव्हतं. पण असल्यासारखंच होतं.

फिटर बारा वाजता आला. चाळिशीचा, बुटका, खांद्याला अवजारांची पिशवी. खात्यात त्यानं साहेबांच्या हाताखाली बारा वर्षं काम केलं होतं. न्हाणीघर बघून तो गच्चीवर चढला. मागोमाग ती, कठड्याला डावा हात धरत.

"काकू, पाणी कमी येतं म्हटलं की आधी बघायचं, घराला पाणी कुठून येतंय," टाकीला वळसा घालत तो म्हणाला. "रस्त्यावरच्या लाइनवरून थेट येत असेल तर एक औषध, गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर दुसरं. लोक न बघताच गोळी घेतात. परवा एकानं मोठी टाकी आणून ठेवली. म्हणाला, पाणी जास्त म्हणजे जोर जास्त. आता काय सांगायचं? नळाला टाकीची उंची कळते, तिचं पोट नाही कळत."

ती हसली. "आमची किती उंची?"

त्यानं टेप लावला, जिन्यातून एकदा खाली जाऊन आला, बोटांवर बेरीज केली. "टाकीचा तळ आणि शॉवरची चाळणी, यांत चार फूट. चार फुटांत पाणी येतं ते नुसतं तोंड दाखवायला. त्यात पाइप अर्धा इंची, टाकीपासून लांब फिरवून आणलेला, वाटेत पाच कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर थोडा जोर मरतो."

"मग?"

"लोखंडी घोडा करून टाकी सहा फूट उचलायची, नाहीतर वरच्या न्हाणीघरापुरता छोटा पंप. पंप नीट निवडून घ्यावा लागेल. काही पंप पाणी वाहायला लागल्याशिवाय सुरूच होत नाहीत, आणि तुमच्याकडे वाहतंय कुठे?"

"पंप कधी बसवाल?"

"दोन तासांचं काम आहे. उद्याही—"

"कोण चढलंय गच्चीवर?" जिन्यातून साहेबांचा आवाज आला. फिटरच्या हातातला टेप आपोआप गुंडाळला गेला.

साहेब वर आले. हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. त्यांनी फिटरकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि ती जागेवर आहे याची खात्री झाल्यावर बायकोकडे पाहिलं.

"काय मोजताय?"

"शॉवरला जोर नाही," ती म्हणाली. "लिटरला चाळीस सेकंद लागतात."

"शॉवर नकाशात नव्हताच. तो तुझ्या लेकीनं बसवला. मी हिशोब नळाचा केलाय. नळ जमिनीपासून दोन फुटांवर. त्या नळाला आजही बादली सहा मिनिटांत भरते, वीस वर्षांनीही भरेल. विजेशिवाय, आवाजाशिवाय. पाणी आपल्या वजनानं आलं पाहिजे."

"तुमच्या नकाशातली माणसं खाली बसून आंघोळ करतात. मला आता बसून मग उचलता येत नाही."

"म्हणून अख्ख्या घराची रचना बदलायची? हात बरा होईल."

"नाही झाला तर?"

साहेबांनी वर्तमानपत्र या हातातून त्या हातात घेतलं. "तर मी घालीन पाणी. सोमवारपासून मीच घालतो. त्यात काय. चाळीस वर्षं संसार झाला, लाज कसली?"

"लाज नाही हो. कंटाळा येईल."

"मला नाही येणार."

"मला येईल."

फिटर गच्चीच्या कोपऱ्यातल्या कुंडीकडे फार लक्ष देऊन बघत होता.

"तुम्ही सांगा," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "उद्या किती वाजता येता?"

त्यानं साहेबांकडे पाहिलं. त्यांना बोलायची गरजच नव्हती. फिटरनं टेप पिशवीत ठेवला, पिशवीची चेन लावली.

"साहेबांनी हो म्हटलं की लगेच येतो, काकू."

"आंघोळ साहेबांना करायची नाहीये."

"ते बरोबर आहे," तो म्हणाला आणि खाली मान घालून जिना उतरला.

जेवण झाल्यावर साहेब खुर्चीत डुलकी घ्यायला बसले. लेक आपली बॅग भरत होती. दोघांचं लक्ष नाही असं पाहून तिनं खालच्या मजल्याची किल्ली घेतली, माप घेतलं, त्यात साबणाची वडी टाकली, टॉवेल काखेत धरला आणि ती जिना उतरली.

भाडेकरू जाऊन दोन महिने झाले होते. खोल्यांना नुकताच चुना दिलेला, भिंतीवर कुठेही खिळा नव्हता. हा मजला आधी दोनदा असाच रिकामा झाला होता. पहिल्यांदा लेक शाळेत होती. दुसऱ्यांदा ती स्वतः निवृत्त झाली त्या वर्षी. दोन्ही वेळा ती झाडलोट करायच्या निमित्तानं खाली येई, झाडून झाल्यावरही ओट्याला टेकून उभी राही, एक वाक्य मनात जुळवून पाही आणि किल्ली फिरवून वर जाई. दोन्ही वेळा पंधरा दिवसांत नवं बिऱ्हाड आलं होतं. या वेळचं आज पाच वाजता जागा बघायला येणार होतं.

तिनं जुन्या भाडेकरूनं बसवून घेतलेल्या शॉवरखाली माप ठेवलं. बारा सेकंद. पुन्हा बारा. इथे पाइप टाकीपासून सरळ खाली आला होता, आणि वरच्यापेक्षा साडेदहा फूट जास्त उंचीचं पाणी त्याच्या मागे होतं. तिनं माप बाजूला ठेवलं. दाराला कडी लावली, गाऊनची पुढची बटणं एका हातानं सोडली, झोळीतून हात काढून पोटाशी धरला आणि न्हाणीघराच्या बरोबर मधोमध उभी राहिली.

पाणी डोक्यावर पडलं. केसांतून मानेवर, पाठीवर, शस्त्रक्रियेच्या वणावर. भिंतीला खेटावं लागलं नाही. तिनं डोळे मिटले, मग उघडले. उघडे ठेवले तरी चालत होतं. साबणाची वडी भिंतीवर घासून तिनं डाव्या तळव्याला फेस केला आणि पोहोचेल तिथे लावला. जिथे हात पोहोचला नाही तिथे पाणी पोहोचलं. किती छिद्रांतून येतंय ते तिनं मोजलं नाही. झालं का, असं कुणी विचारलं नाही. बोटांची टोकं सुरकुतली तेव्हा तिनं नळ बंद केला.

जिन्याच्या वळणावर साहेब भेटले. तिचे केस ठिबकत होते.

"कुठे होतीस?"

"खाली. आंघोळ केली."

"सकाळीच तर झाली."

"ती मला घातली होती. ही मी केली."

ते एक पायरी खाली आले. रस्ता अडवल्यासारखे, पण खरं तर कठड्याला धरायला. झोपेत एका बाजूचे केस उभे राहिले होते. लेकीनं वर काहीतरी सुनावलं असावं. त्यांचा स्वर उतरलेला होता.

"बरं, सांग त्याला. पंप बसव म्हणावं." लगेच ते पुढे म्हणाले. "पण सकाळी सहाच्या आधी चालवायचा नाही. पाच मिनिटांच्या वर नाही. आवाज करायला लागला की काढून टाकायचा. आणि पाइपाला हात लावायचा नाही, तो आहे तसा राहील."

"चार झाल्या."

"काय?"

"अटी."

साहेबांनी बोटांवर मोजून पाहिल्या. "तीन. पाइपाची अट नाही, ती सूचना आहे."

तिला हसू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. हा माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला रोज न चुकता पाणी घातलं असतं. गरम-थंड तपासून, वेळेवर, मग मोजून. तिनं टॉवेल काखेत नीट धरला आणि त्यांच्या बाजूनं वाट काढत वर गेली.

बरोबर पाच वाजता बँकेतल्या बाई आल्या. बदली होऊन आलेल्या, तिशीच्या, पायात चालून चालून धुळीनं माखलेले बूट. साहेबांनी त्यांना खोल्या दाखवल्या. ती आणि लेक मागे होत्या.

"उजेड छान आहे," बाई म्हणाल्या. "आधीच्या जागेत पाण्याचे फार हाल होते. इथे कसं आहे?"

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी त्यांना न्हाणीघराच्या दारात नेलं आणि शॉवर पूर्ण सोडला. फरशी अजून दुपारची ओलीच होती.

"बारा सेकंदांत लिटर," ते म्हणाले. "घड्याळ लावून बघा. पंप नाही, काही नाही. नुसती उंची."

दुपारचा आकडा तिनं वर जाऊन कागदावर लिहिला होता. त्यांनी तो वाचला होता तर.

"वा," बाई म्हणाल्या. "मी आणखी दोन ठिकाणी विचारलंय, पण हे बघितल्यावर तिकडे कशाला जायचं? कधीपासून देता?"

"सोमवारी या की. लेकही सोमवारीच निघतेय, त्या गडबडीत—"

साहेबांनी शॉवर बंद केला. आवाज वाढवावा लागू नये म्हणून ती तेवढ्यासाठीच थांबली होती.

"ही जागा द्यायची नाहीये," ती म्हणाली.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी तिच्याकडे.

"अगं, आपण वर पंप बसवतोय ना. झालं की ते ठरवून."

"बसवा. तुम्हालाही पुढेमागे लागेल." मग बाईंकडे वळून ती म्हणाली, "तुम्हाला उगाच चालत यावं लागलं. हे मी आधीच सांगायला हवं होतं, म्हणजे पुष्कळच आधी."

"आई," लेक हळूच म्हणाली. तो प्रश्न नव्हता, अडवणंही नव्हतं.

"पण इथे राहणार कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी," ती म्हणाली. "सोमवारपासून मी इथे राहणार आहे. एकटी."