दादाच्या नाकाची नोकरी

आमच्या दादाचं नाक इतकं तिखट, की मागच्या गल्लीत कुणाचं दूध उतू जाणार असलं तर हा इथून ओरडायचा, "गॅस बंद करा!" उतू जायच्या आधी हं. नंतर काय, कुणीही ओरडेल.

असलं नाक घेऊन बिचारा वर्षभर गच्चीत राहत होता. वहिनीने त्याची स्कूटर गॅरेजबाहेर काढून तिथे तांब्याचा हंडा बसवला होता ना! फूलबाजारात फेकलेली फुलं मी हातगाडीवरून आणायची, दोघांनी मिळून दोरे आणि तारा काढायच्या, मग ती हंड्यात वाफवायची, की नळीतून थेंब थेंब अर्क बाटलीत. अत्तराच्या कंपनीला विकण्यासाठी. कुजक्या फुलांच्या ढिगाने दादाचं मात्र डोकं उठायचं.

शेवटी त्याने निर्वाणीचं सांगितलं, "आज कंपनीच्या बाईंनी नाक मुरडलं, की हंडा भंगारात आणि स्कूटर आत."

"आणि आवडलं तर?"

"तर स्कूटर जन्मभर उन्हात!"

बाई अकराला येणार होत्या. साडेदहाला वहिनीने ताजी बाटली हुंगली. "भावजी, छान उतरलंय ना?"

"फक्कड!" मी म्हणालो. खरं तर वर्षभर फुलांत वावरून माझं नाक कधीच मेलं होतं. तिचंही. फक्त आम्ही ते एकमेकांपासून लपवलं होतं.

तेवढ्यात दादा धाडधाड जिना उतरला. "काय परतताय? पोटात कावळे ओरडायला लागले!"

"काही नाही परतत."

"कांदा आहे. मला शिकवता?"

मी गोणीत पाहिलं. गुच्छांमधली जांभळी, चेंडूसारखी गोल फुलं. शोभेच्या कांद्याची! मीच कौतुकाने गोणीभर आणली होती. बाहेर तोवर त्या वासाने भूक खवळून सात घरं दुसऱ्यांदा जेवायला बसली होती आणि पोस्टमन सगळी पत्रं एकाच दारात टाकून घरी पळाला होता.

वहिनीने ती बाटली बाजूला सारली. फळीवर जुन्या चाळीस बाटल्या होत्या, पण वाफेने चिठ्ठ्या गळून पडलेल्या. "अहो, जरा हुंगून सांगता?"

दादा हसला. नुसतं गप्प बसायचं, की स्कूटर आत. तो वळलासुद्धा. पण एका बाटलीचं बूच निघालेलं होतं.

"ही करपलीय," तो पाठमोराच म्हणाला. मग राहवेना. दुसरी उघडली. "हिच्यात पानं राहिलीत. ही पाणचट. ही... शी!" अकराव्या बाटलीला मात्र तो थबकला. डोळे मिटून उभा राहिला. वहिनीने ती झडप घालून घेतली.

बाईंनी कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून तीनदा हुंगला. "घेते. निवडली कुणी?"

वहिनीने बोट दाखवलं.

"मग यांनी हुंगल्याशिवाय एकही बाटली पाठवायची नाही. ही माझी अट."

दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला साहेब गॅरेजात हजर. "एवढ्याशा जागेत काम व्हायचं कसं? दुसरा हंडा बसवा!" असं म्हणत त्याने कोपऱ्यातली माझी सायकल उचलली आणि नेऊन उन्हात, स्कूटरशेजारी उभी केली.