जाऊबाईचा गाल

जाहिरात एजन्सीच्या ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण मजकुरातला एकही चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ तिच्या नजरेतून सुटत नसे. काम मात्र शिकवण्याचं नव्हतं. कोणता माल खपवायला सोशल मीडियावरचा कोणता चेहरा घ्यायचा आणि त्याच्या तोंडून काय वदवायचं, हे ती ठरवायची. बाकीचे फॉलोअर्सच्या आकड्याला भुलत. ही व्हिडिओखालच्या कॉमेंट्स वाचत बसे. "नुसते बघणारे काय कामाचे? ऐकणारे हवेत," असं तिचं म्हणणं, आणि ते सहसा खरं ठरे.

म्हणूनच गालावरचे वांग घालवणारी एक नवी क्रीम आली, तेव्हा तिनं जाऊबाईला शोधून काढलं. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून संसारातल्या खाचाखोचा सांगणारी ही गृहिणी याच नावानं ओळखली जाई. बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर वांग आले होते, पण तिनं ते कधी पावडरीखाली दडवले नाहीत. एका कंपनीनं फुकट पाठवलेल्या मिक्सरबद्दल तिनं कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं, "घेऊ नका गं, याच्या आवाजानं माझी शेजारीण भांडायला आली." तेव्हापासून बायकांना तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ठरलं असं की आधी एक फोटो काढायचा, तीन आठवडे क्रीम लावायची आणि मग जे वाटेल ते जाऊबाईनं आपल्या भाषेत सांगायचं.

दुसऱ्याच आठवड्यात जाऊबाई तोंडाला ओढणी गुंडाळून ऑफिसात आली. ओढणी सोडली आणि मास्तरीण खुर्चीतून उठलीच. गाल सोललेल्या टोमॅटोसारखे लाल, सुजलेले, आणि कडेनं पिवळं पाणी पाझरत होतं.

"अहो, आधी डॉक्टरकडे चला!"

पण क्रीमच्या कंपनीचे साहेब नेमके त्याच वेळी मीटिंगला आले होते. ते जवळ आले. दुखतंय का, म्हणून विचारलंही नाही. एका बोटानं जाऊबाईची हनुवटी उचलून त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला, बाजारात वांगं उलटंपालटं करून बघावं तसा.

"उजेड छान आहे. काढा फोटो," ते फोटोग्राफरला म्हणाले. "हा 'आधी'चा. आणि पहिल्या दिवशीचा तो 'नंतर'चा."

"पण त्यात वांग दिसतायत," मास्तरीण म्हणाली.

"थोडे राहिलेत ना? उलट जास्त खरं वाटतं."

आता जाऊबाई यांची चांगली खरडपट्टी काढणार, असं मास्तरणीला वाटलं. ती वाटच बघत होती.

"खोक्यावर माझा फोटो येईल का हो?" जाऊबाईनं विचारलं.

"येईल की!"

जाऊबाई हसली. हसताना गाल ताणला तशी कळवळली, कागदी रुमालानं ते पिवळं पाणी टिपलं आणि रुमाल मास्तरणीच्या टेबलावर ठेवून दिला. "लोकांना काय कळतंय, मास्तरीणबाई? तुम्ही लिहून द्या, मी बोलते."

मास्तरणीनं मजकूर लिहून दिला. त्या खोट्या मजकुरातली एक वेलांटी तर तिनं सवयीनं दुरुस्त केली, आणि मग स्वतःच्याच बोटांची तिला शिसारी आली.

व्हिडिओत जाऊबाईचा फक्त आवाज आणि ते दोन फोटो होते. तो तुफान चालला. खोकी संपली, पुन्हा मागवली, पुन्हा संपली. मग कॉमेंट्स बदलायला लागल्या. 'ताई, माझं तोंड भाजल्यासारखं झालंय.' 'ताई, आग होतेय, लावत राहू का?' एका आईनं आपल्या मुलीचा फोटो टाकला होता. पापण्या सुजून डोळे पार मिटले होते. खाली लिहिलं होतं, 'तुमच्यावर विश्वास ठेवून आणली हो.'

मास्तरणीनं साहेबांना फोन लावला.

"त्यात काय? घाण बाहेर पडतेय, असं लिहा. लावत राहा म्हणावं."

"कुणाची घाण?"

"अहो, चेहऱ्यातली!"

तिनं फोन ठेवला. क्रीमच्या कंपनीचं अकाउंट तिच्याच हातात होतं. एकेका बाईला तिनं उत्तर लिहायला घेतलं. 'क्रीम ताबडतोब बंद करा. डॉक्टरांना दाखवा. जाहिरातीतले फोटो उलटे लावलेत, सुजलेला चेहरा क्रीम लावल्यानंतरचा आहे.' पहिलं उत्तर त्या आईला. कंपनीनं अकाउंट बंद करेपर्यंत ती थांबली नाही.

साहेब तणतणत आले. "खाल्ल्या घरचे वासे मोजता?"

"वासे नाही मोजत, साहेब. वास येतोय, तेवढंच सांगितलं."

नोकरी त्याच दिवशी गेली. क्रीम कंपनीनं गुपचूप दुकानांतून काढून घेतली. जाऊबाईनं मात्र दुसऱ्या दिवशी व्हिडिओ टाकला. औषधानं तिचा गाल बराच निवळला होता. ओट्याशी उभी राहून ती पदरानं डोळे पुसत होती. "एका बाईला माझं चांगलं बघवलं नाही. कामावरून काढलं, म्हणून माझ्या बदनामीवर उठली." खाली हजारो बायका तिचं सांत्वन करत होत्या आणि त्या न पाहिलेल्या बाईला शिव्याशाप देत होत्या.

मास्तरणीच्या सासूबाईंनीही तो व्हिडिओ पाहिला. संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी हळूच विचारलं, "रागावू नकोस, पण खरं सांग. जळलीस का गं तिच्यावर?"

मास्तरणीनं मोबाइलमधले दोन्ही मूळ फोटो त्यांच्यापुढे धरले, आणि कुठला कधी काढलाय ते सांगितलं. सासूबाईंनी चष्मा चढवला. बोटांनी फोटो मोठा करून तो पिवळा ओलावा निरखला. मग त्यांनी हातातली जुडी ताटात टाकली.

"मग ही इतकी खरी रडते कशी गं?"

मास्तरीण उठली आणि मोरीत जाऊन साबणानं हात धुऊ लागली.