कुंडलिकाच्या अंगात आलेला देव

सत्त्याण्णव साली मेहुण्यानं वॉकमन दिला आणि डिंगोऱ्याच्या कुंडलिकाचे कान त्या दिवसापासून त्याचे राहिले नाहीत. कांद्याला पाणी देताना, धार काढताना, इतकंच काय, जेवतानासुद्धा हेडफोन डोक्यावर. भाजीत मीठ पुरे का, हे बायको साळुबाई विचारून विचारून थकली आणि शेवटी अळणीच वाढायला लागली.

शिमग्याच्या सुमारास त्याच्या कानात शिट्टी वाजू लागली, कान ठणकू लागले, आणि उभं राहिलं की गोठा एकीकडे नि म्हैस दुसरीकडे जायला लागली. जुन्नरच्या डॉक्टरनं कान पाहिले, वॉकमन पाहिला आणि हे लोढणं बंद ठेवायला सांगितलं. कुंडलिकानं डॉक्टरकडं जाणंच बंद केलं. सोबत आलेल्या साळुबाईला त्यानं गप्प राहायची शपथ घातली.

कारण यात्रा तोंडावर आली होती. शर्यतीत बैलगाड्यापुढं घोडी पळवायचा मान यंदा त्याचा होता. घोडी थोरल्या भावाची, गेणभाऊची. चक्कर येते हे कळलं तर ती चुलतभाऊ भागूकडे जाणार, आणि भागू ते जन्मभर सांगत सुटणार. कुंडलिकाला मरण परवडलं असतं, भागूचं बोलणं नाही.

यात्रेच्या सकाळी खंडोबाच्या देवळापुढं हलगी कडाडली. कुंडलिकाच्या कानात कळ आली, जमीन तिरकी झाली, आणि तो तोल सावरत डोलायला लागला. डोलता डोलता गोल फिरला. झालं! देवाच्या दारात, भर हलगीत माणूस डोलतोय म्हटल्यावर आणखी काय पुरावा पाहिजे? कुणीतरी भंडारा उधळला. ज्यानं जन्मात कधी धड हाक मारली नव्हती त्या गेणभाऊनं धाकट्या भावाच्या पायांवर डोकं ठेवलं.

कुंडलिक घाबरला. चक्कर येते म्हणावं तर घोडी गेली. पण खंडोबाचं वाहन घोडंच की! स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश झाला. देवाला काय हवं ते गेणभाऊनं विचारलं, तेव्हा तो घुमत म्हणाला, "घोडी आण."

घोडी आली. पण देवाला काय कुणी शर्यतीत पळवतं? गेणभाऊनं लगाम स्वतः धरला आणि मुंगीच्या पावलानं मिरवणूक काढली, हलगीवाले देवाच्या दोन्ही कानांशी. तिकडं भागूनं दुसऱ्याची घोडी मागून आणली, गाड्यापुढं पळवली, आणि गाडा पहिला आला. बातमी ऐकून देवाच्या डोळ्यांत पाणी आलं. बायांनी तीही कृपाच मानली.

मिरवणूक दारात थांबली. साळुबाईनं देवाच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देवा, येकच इचारते. ते यंत्र कानाला लावल्यापासनं आमच्या मालकास्नी घरातलं बोलणं ऐकू येत न्हाई. त्येचं काय करू?"

देवानं तिच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भक्तीशिवाय काही नव्हतं. गेणभाऊ हात जोडून उभा होता, शेजारी भागू विजयाचा फेटा बांधून.

"ठिवून दे," देव क्षीण आवाजात म्हणाला.

"कुठं, देवा?"

"तुझ्याजवळ."

त्या संध्याकाळी साळुबाईनं हेडफोन लावून भाकरी थापल्या. कुंडलिकानं दोनदा मीठ मागितलं. तिला ऐकू आलं नाही.