साक्षीदार दोन, सयाजीराव घरी

मी पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर बोलतोय. पुढं सांगतोय त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, अंबाबाईची शप्पथ. आता एवढी शप्पथ घेतली म्हणजे एखादी जागा खोटी असणारच. ती कुठली ते शेवटी सांगेन, तोवर माझं डोकं थंड झालं तर.

जन्मलो तेव्हा मी इतका करकरीत होतो की मशीनवरच्या माणसानं मला उठून सलाम ठोकला. एखादा बंगला, नाहीतर साखर कारखान्याचा करार आपल्या अंगावर येणार, अशी माझी खात्री होती. आणि मला आणलं कुणी? शिवाजी पेठेतल्या पिठाच्या गिरणीवाल्या सयाजीरावांनी.

सयाजीराव बहात्तरचे. बायको वारलेली, एकुलता मुलगा विश्वजित पुण्याला. गिरणी चालवायची ती त्यांची विधवा बहीण शालूबाई. बावीस वर्षं. पट्टा तुटला तर तीच जोडायची, भावाचं पथ्यपाणी तीच बघायची आणि गिरणीमागच्या खोलीत राहायची. आपल्या माघारी गिरणी आणि ती खोली शालूलाच मिळावी, एवढंच म्हाताऱ्याच्या मनात होतं. मन चांगलं होतं हो. माझी तक्रार अकलेबद्दल आहे.

कोपऱ्यावरच्या अरुणाताई वकील ज्वारी दळायला आल्या होत्या. सयाजीरावांनी मला ऐटीत त्यांच्यासमोर धरलं.

"मृत्युपत्र करतोय. बघा, पाचशेचा कागद!"

"काका, मृत्युपत्राला स्टॅम्प लागतच नाही. साध्या कागदावर चालतं."

लागतच नाही! त्या बाईचा मला जो राग आला, तो पुढं पाच-सहा वर्षं टिकला. पण ती खरं बोलत होती.

"लागतात ते दोन साक्षीदार," त्या म्हणाल्या. "तुमची सही त्यांनी बघायची, आणि त्यांनी सही करताना तुम्ही समोर पाहिजे. उद्या ऑफिसला या. तासाभराचं काम."

"वकील गाठायला माझ्यावर काय केस हाय व्हय?" सयाजीराव हसले. "घरातली गोष्ट हाय. मी अजून मेलो न्हाय."

नव्हतेच मेले. म्हणून तर जायचं होतं!

त्यांनी घरी बसून माझ्यावर मृत्युपत्र लिहिलं, खाली झोकात सही केली. साक्षीदार ठरले बाळासो आणि अमरसिंह, दोघेही लहानपणचे दोस्त. पण दोघांच्या तालमी वेगळ्या आणि फुटबॉलच्या टीमही वेगळ्या. अकरा वर्षांपूर्वीच्या फायनलमधल्या एका ऑफसाईड गोलावरून त्यांचं बोलणं बंद. एक असेल त्या घरात दुसरा पाय ठेवत नव्हता. एकाला आधी बोलवावं तर दुसरा रुसणार. त्यात सयाजीरावांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. मग त्यांनी शालूबाईलाच हाक मारली.

"जा, दोघांच्या सह्या घेऊन ये. पेठेतलीच माणसं हायत."

पीठ लागलेल्या पिशवीतून माझी वरात निघाली. चहाच्या गाडीवर बाळासोनं बशी बाजूला सारून सही ठोकली. "अमऱ्याची सही माझ्या खाली घ्या शालूताई. वर न्हाय." पेठेच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या चहाच्या गाडीवर अमरसिंह उसळला, "त्याच्या खाली? मी?" आणि त्यानं पार माझ्या टाळक्यावर, छापाला खेटून सही केली. सयाजीराव तेव्हा घरी, पाय उशीवर ठेवून पडलेले.

पुढच्या वर्षी सयाजीराव गेले. तेरावं झालं आणि विश्वजित म्हणाला, "आत्या, जागा विकायची आहे." पुढं त्यानं दावा लावला. शालूबाई मला घेऊन अरुणाताईंकडं धावली. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "सह्या कुठं झाल्या?" शालूबाईनं सांगितलं. अरुणाताईंनी चष्मा काढून ठेवला. तरी लढल्या त्या चार वर्षं.

कोर्टात बाळासोला विचारलं, "तुम्ही सही केलीत तेव्हा सयाजीराव कुठे होते?"

"घरात की. गुडघ्याचं ऑपरेशन झालतं न्हवं."

"मग कागद कुणी आणला?"

"शालूताईंनी."

अमरसिंह तर छाती काढून उभा. "मी खोटं बोलणार न्हाय साहेब. म्हातारं घरातच हुतं."

आधीचं अकरा वर्षांचं भांडण, वर चार वर्षांचा खटला, आणि एवढ्या काळात दोघांचं एकमत झालं ते नेमकं शालूबाईच्या मुळावर. मृत्युपत्र टिकलं नाही. ते नाही म्हटल्यावर सगळं मुलाचं, बहिणीचं काही नाही.

निकाल ऐकून विश्वजित उठला. आत्याच्या पाया पडला, रडला, आणि गिरणीची किल्ली तिच्या मुठीत ठेवून म्हणाला, "आत्या, तुझीच हाय."

आता मी कोर्टाच्या फायलीत, दोऱ्यानं आवळलेला. मोबाईल घ्यायचा तर पाच दुकानं फिरता रे! आणि आयुष्यभराची कमाई चहाच्या गाडीवर भिजवता? तासभर जा वकिलाकडं. साक्षीदारांना समोर बसवा. मला नका नेऊ, साधा कागद न्या. मला अजिबात राग येणार नाही.

बोललो होतो, सांगतो. मशीनवाल्याचा सलाम मी रचला, पण ते सोडा, ती आपली हौस. शप्पथ मोडली ती दुसरीकडं. विश्वजित पाया पडला नाही. तो फोनवर बोलत होता. किल्ली शालूबाईनंच कनवटीची सोडून टेबलावर ठेवली, आणि पिशवी झटकून निघून गेली.

बाकी सगळं खरं. माझ्या घडीत तिच्या पिशवीतलं पीठ अजून आहे.